बुडालेल्या मुळांना हवा कोण पुरवतं?

जुलैच्या मध्यावर अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की रस्त्याकडेला भाताची खाचरं लागतात. लावणी उरकलेली, रोपं घोटाभर पाण्यात उभी आणि दिवसागणिक हिरवी होत चाललेली. त्याच रस्त्यावरच्या एखाद्या बंगल्याच्या फाटकातून आत डोकावलं तर निराळीच तऱ्हा. गुलाब पिवळा पडलाय, शेवंती बुडाशी कुजलीय, तुळशीच्या नुसत्या काड्या उरल्यात. पाऊस दोघांवर सारखाच पडला. माळी म्हणतो, "पाणी जास्त झालं." मग ते भाताला कसं जास्त होत नाही?

रायगडच्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो. इथे बाग करणाऱ्यापुढे दोन वाटा असतात: निचऱ्यासाठी दर पावसाळ्यात झगडायचं, नाहीतर चिखलातच सुखाने राहणारी झाडं लावायची. दुसरी वाट धरणाऱ्यांमुळे मांडवा-किहीमपासून मुरूडपर्यंतच्या बागांत हल्ली नळ, पाणकणीस, पपायरस, छत्रीगवत अशी मंडळी दिसू लागली आहेत. कुठे सिमेंटच्या टाकीत, कुठे प्लास्टिकच्या टबात, तर कुठे जुन्या वाडीतल्या दगडी दोणीत. त्यातली बरीचशी वर्षभरात मरतात, किंवा उलट, सगळी बाग गिळतात. दोन्हीचं कारण एकच: या झाडांच्या पोटातली यंत्रणा कोणी समजून घेतलेली नसते.

मूळ बुडत नाही, गुदमरतं

मुळालाही श्वास लागतो. पानांनी उन्हात तयार केलेली साखर मुळापर्यंत पोचते, पण ती वापरायला मुळाला प्राणवायू हवा असतो. एरवी तो मातीच्या कणांमधल्या फटींतून मिळतो. पाऊस लागून राहिला की त्या फटींत पाणी भरतं आणि हवा बाहेर पडते. आता हिशेब बघा. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. आपल्याकडच्या कोमट पाण्याच्या एका लिटरात तो जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम विरघळतो. शिवाय स्थिर पाण्यातून तो पुढे सरकतो तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी हळू. म्हणजे साठा कमी आणि येणारा मालही रखडलेला.

जो काही प्राणवायू असतो तो मातीतले जिवाणू एक-दोन दिवसांत फस्त करतात. मग त्यांची जागा दुसरे जिवाणू घेतात. त्यांना प्राणवायू लागत नाही, ते मातीतल्या लोहावर आणि गंधकाच्या क्षारांवर भागवतात. त्यांच्या कारभारातून सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू निघतो आणि तो मुळांना विषारी असतो. कुंडी उपटल्यावर मुळं काळी, बुळबुळीत आणि दुर्गंधी निघाली, तर ते झाड पाण्याने नाही, हवेवाचून गेलं असं समजावं.

खाडीतल्या तिवरांपुढेही हीच अडचण असते. त्यांनी तोडगा काढला तो मुळंच वर पाठवण्याचा. ओहोटीला चिखलातून बोटभर काड्यांचं रान उगवलेलं दिसतं, ती तिवराची श्वास घेणारी मुळं. नळाने आणि पाणकणसाने उलटा मार्ग धरला. ते हवाच खाली नेतात.

पानात फुंक, मुळात वारा

पाणकणसाचं पान आडवं कापून उजेडात धरलं की आत जाळीसारखे कप्पेच कप्पे दिसतात. भाताच्या मुळातही तसेच पोकळ मार्ग असतात, फक्त डोळ्यांना न दिसणारे. वनस्पतिशास्त्रज्ञ या पोकळ, हवाभरल्या भागाला वायूतक म्हणतात. पानापासून मुळाच्या टोकापर्यंत एक अखंड वाट तयार झालेली असते आणि त्या वाटेने हवा आपोआप झिरपत जाते.

भाताचं तेवढ्यावर भागतं. पण नळाचे जमिनीखालचे कंद वितभर चिखलाखाली आडवे पसरलेले असतात. नुसत्या झिरपण्याने तिथवर पुरेशी हवा पोचणार नाही, ती ढकलावी लागते. आपल्या आज्या चुलीत फुंकणीने वारा घालत, तसं काहीसं हे झाड करतं, फक्त फुंकणाऱ्या तोंडाशिवाय.

ते कसं, हे जरा सावकाश पाहू. कोवळ्या पानाच्या आत सतत ओलावा असतो, म्हणून तिथली हवा वाफेने भरलेली. बाहेरची हवा त्या मानाने कोरडी. आत वाफेने जागा अडवल्यामुळे प्राणवायू आणि नत्रवायूचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहतं, म्हणून हे दोन्ही वायू बारीक रंध्रांतून आत शिरत राहतात. आत आलेली हवा लोटून परत बाहेर जायला ही रंध्रं फारच अरुंद पडतात. शिवाय आतल्या ओलाव्याची वाफ होत राहते, त्यामुळे वायूंचं आत येणं थांबत नाही. परिणाम असा की पानातला दाब बाहेरच्या दाबापेक्षा थोडा वाढतो. दाबलेली हवा मोकळी वाट शोधते. ती दांड्यातून खाली कंदात उतरते, तिथून फिरते आणि जुन्या, वाळलेल्या, मोडक्या दांड्यांतून बाहेर पडते.

कुमुदिनीच्या कुळातल्या एका पाणवनस्पतीत असं अंतर्गत वारं वाहतं, हे अमेरिकेत जॉन डेसी यांनी १९८० साली दाखवून दिलं. पुढे इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात विल्यम आणि जीन आर्मस्ट्राँग या दांपत्याने नळावर काम केलं. मोडक्या दांड्यांच्या तोंडावरून वारा गेला की आतली हवा वर ओढली जाते, हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे कोवळी पानं ढकलतात आणि वाळके खुंट ओढतात. आपण ज्यांना कचरा म्हणून उपटून टाकतो, ते खुंट या झाडाचे उच्छ्वासाचे मार्ग असतात!

सगळ्या जातींत ही यंत्रणा सारखी जोरकस नसते. नळ आणि पाणकणीस यांत ती जोरात चालते. आणि तिला कोरडी हवा, ऊन लागतं. आषाढात किनाऱ्यावरची हवाच वाफेने भिजलेली असते, ढग हटत नाहीत. आतबाहेरचा फरक कमी, म्हणून फुंक मंद. पाणीप्रेमी झाडाचा टबही म्हणूनच पावसात काठोकाठ भरू देऊ नये. ज्या दिवसांत पाणी सर्वांत जास्त, नेमकं त्याच दिवसांत झाडाचा श्वास सर्वांत तोकडा असतो.

खाली पोचलेल्या प्राणवायूपैकी थोडा मुळांतून आजूबाजूच्या चिखलात गळतो. चिखलात विरघळलेलं लोह त्याच्याशी भेटलं की गंजतं आणि मुळांवर तांबूस थर चढतो. टबातलं एखादं मूळ उकरून बघा. पांढरं आणि वर तांबूस पूट असेल तर सगळं ठीक चाललंय.

छाटा, पण पाण्याच्या वर

छाटणीचा नियम वरच्या यंत्रणेतूनच निघतो. वाळलेले दांडे कापायचे तर पाण्याच्या पातळीच्या किमान वीतभर वर. पातळीखाली कापले की पोकळ नळीत पाणी शिरतं, हवेची वाट तुंबते आणि कंद सडतात. मे महिन्यात टब कोरडा असताना मातीलगत सफाचट कापणी करायची आणि पहिल्या पावसात तो भरू द्यायचा, हा बागेतला नेहमीचा अपघात. टब नीटनेटका दिसतो आणि श्रावणात रिकामा होतो.

ज्यांना पाणकणीस नकोसं झालंय त्यांच्यासाठी हाच नियम उलट्या बाजूने कामाचा. तळ्यातले हिरवे आणि वाळके सगळे दांडे पाण्याखाली कापायचे आणि काही आठवडे खुंट बुडालेलेच ठेवायचे. औषध न फवारता कंद गुदमरतात. एक जरी दांडा वर राहिला तरी तो इतरांना हवा पुरवत बसतो, म्हणून काम अर्धवट सोडून चालत नाही.

कोण कुठल्या घराण्यातलं

रोपवाटिकेत या सगळ्यांना सरसकट 'वॉटर ग्रास' म्हणून विकतात, पण ही तीन वेगळी कुळं आहेत. नळ आणि बोरूचं गवत ही खरी गवतं. त्यांचे दांडे गोल आणि पेरं असलेले. पपायरस आणि छत्रीगवत लव्हाळ्याच्या कुळातली. त्यांचा दांडा बोटांत फिरवला की तीन कोन जाणवतात, पेरं लागत नाहीत. पाणकणसाचं कुळ स्वतंत्र. तपकिरी, सिगारसारखं कणीस हीच त्याची खूण.

नवशिक्याने छत्रीगवतापासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. मूळचं हे आफ्रिका-मादागास्करकडचं, पण नारळाच्या विरळ सावलीतही ते खूश असतं, झुडपासारखं जागच्या जागी वाढतं आणि वाढवायला फुकट. छत्री चार बोटं दांड्यासकट कापायची, पानं अर्ध्यावर छाटायची आणि पेल्यातल्या पाण्यात उलटी, छत्री खाली करून ठेवायची. पानं जिथे एकत्र येतात तिथूनच मुळं आणि नवे कोंब फुटतात. नैसर्गिक अवस्थेत दांडा वाकून छत्री पाण्यात टेकते आणि तिथे नवं रोप उभं राहतं. आपण फक्त तीच क्रिया पेल्यात घडवून आणतो.

पपायरस दिमाखदार. याच्याच दांड्यांच्या पट्ट्यांपासून प्राचीन इजिप्तमध्ये लिहिण्याचे ताव बनत. बारा-पंधरा फूट वाढतो, म्हणून लहान टबात त्याची बुटकी भावंडं बरी. त्याला भरपूर ऊन लागतं आणि खारं पाणी अजिबात सोसत नाही.

पांढऱ्या पट्ट्यांचा बोरू दिसायला सुरेख. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणजे ते पान अर्ध्या कमाईवर जगतं आणि सावकाश वाढतं. मधूनच एखादा पूर्ण हिरवा कोंब फुटतो. तो धडधाकट निघाला म्हणून कौतुकाने ठेवू नका. पुरी कमाई करणारा तो कोंब पट्टेवाल्यांना वर्षभरात मागे टाकतो. दिसला की मुळापासून काढायचा. या कुळाच्या दांड्यांत वाळूतलीच सिलिका साठलेली असते, म्हणून पानाची कड बोट कापते. वाळलेल्या दांड्याला दिलेली तिरपी धारही त्यामुळेच टिकते. मोडीतली दप्तरंच्या दप्तरं लिहून काढणारे बोरू असल्याच दांड्यांचे.

घरगुती वेखंड या यादीत कोणी धरत नाही, आणि ते मला पटत नाही. तलवारीसारखी सरळ पानं, चुरडली की सुवास, आणि ओलाव्याची हौस. बाळगुटीसाठी उगाळायचा तो याचाच कंद. वाळाही चालतो. त्याची मुळं सरळ खाली जातात आणि सुगंधासाठी काढायची असतील तर उंच पिंप हवं. मात्र तो कायम बुडवून ठेवण्याचं झाड नव्हे. पावसाळ्यात पाणी साचलेलं सोसतो, एवढंच.

लग्नाच्या मांडवातल्या सजावटीमुळे पंपास गवताची मागणी वाढली आहे. ते दक्षिण अमेरिकेतलं, त्याला निचऱ्याची जमीन हवी. कोकणातल्या चिखलात त्याला बसवू नये. तसेच तुरे हवे असतील तर पावसाळा सरताना ओढ्याकाठी उभं राहणारं कासाचं गवत बघा.

चौकट: एक टब असा भरा

• टब रुंद आणि बसका घ्या: दोन फूट रुंद, सव्वा फूट खोल. उंच, निमुळता टब वाऱ्यात कलंडतो.
• तळाला भोक नको. काठाखाली तीन बोटांवर एक भोक पाडा, जास्तीचं पाणी तिथून वाहून जाईल.
• माती खाचरातली चिकण. नारळाचा भुसा तरंगतो, ताजं शेणखत पाण्यात आंबतं.
• वर दोन बोटं खडी पसरा. माती गढुळत नाही.
• पाणी खडीच्या पातळीपर्यंत पुरे. नव्या रोपाला तर त्याहूनही थोडं खाली.
• खत द्यायचंच तर मातीच्या गोळीत घालून मुळाशी खोल खुपसा. पाण्यात टाकलेलं खत शेवाळ खातं.

टबातलं मिठागर

किनाऱ्यावर मुळांना हवा मिळूनही झाड मरतं ते मिठाने. समुद्रालगतच्या वाड्यांतल्या विहिरींना गोडं पाणी असतं, कारण पावसाचं हलकं पाणी वाळूत मुरून खालच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. दोन्हींच्या वजनात फरक इतका थोडा असतो की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडं पाणी तोललं जातं. हे गणित उलटही चालतं. वरची पातळी मोटारीने एक मीटर खाली ओढली तर खालचं खारं पाणी चाळीस मीटरने वर यायला बघतं. रहाट दिवसभर फिरला तरी बेताचंच पाणी उपसत असे. मोटारीला तो धरबंध नाही. एप्रिल-मेमध्ये विहीर मचूळ लागायला लागते ती बहुधा यामुळे.

समजा, तुमच्या विहिरीच्या पाण्यात लिटरमागे एक ग्रॅम क्षार आहेत. चवीला ते जेमतेम कळतात. उन्हाळ्यात भरलेल्या टबातून आणि पानांतून मिळून रोज चार लिटर पाणी उडतं आणि तुम्ही तेवढंच पुन्हा घालता. पाणी उडतं, मीठ उडत नाही. दोन महिन्यांत टबात २४० ग्रॅम क्षार साठले. उरणच्या मिठागरात नेमकं हेच मुद्दाम करतात. काठावर पांढरी पूड आणि पानांची टोकं तपकिरी, ही त्याची लक्षणं. माळी ते बघून "पाणी कमी पडतंय" म्हणतो, आणखी पाणी घालतो, आणि त्याबरोबर आणखी मीठ.

उपाय साधा आहे. पंधरा दिवसांतून एकदा टब काठाखालच्या भोकातून भरभरून वाहू द्यायचा, म्हणजे साठलेले क्षार धुतले जातात. त्यासाठी छपरावरचं साठवलेलं पाणी सर्वांत चांगलं. शंभर चौरस फुटांच्या छपरावर पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला तरी दोनशे लिटरचं पिंप भरतं.

कोणत्या झाडाला किती मीठ सोसतं, हे पेण-अलिबागच्या खाडीकाठी फुकटात बघायला मिळतं. खारबांधाच्या आत, भरतीचं पाणी उघाडीने, म्हणजे बांधातल्या झडपेने, अडवलेलं आणि पावसाचं साचलेलं, तिथे पाणकणीस माजतं. किंचित मचूळ झालं तर नळ पुढे सरसावतो, तो पाणकणसापेक्षा जास्त क्षार पचवतो. बांधाला खांड पडून भरती आत खेळू लागली की दोघेही माघार घेतात आणि तिवरं शेतात शिरतात. भाताला या सीमेवर टिकवण्यासाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे वाण काढले. शोभेच्या झाडांसाठी कोणी असा खटाटोप केलेला नाही. आपली विहीर कुठल्या पट्ट्यात मोडते ते बघून झाड निवडायचं.

वारा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि नारळ-सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. इतका वारा रोज नसतो, पण खारा वारा रोज असतो. नळाची सोय त्याच्या पानाच्या बुडात आहे. पान दांड्याला गुंडाळलेल्या आवरणावर बसतं आणि ते आवरण सैल असतं. वारा आला की सगळी पानं फिरून वाऱ्याच्या पाठीला जातात, म्हणून दांड्यावरचा ताण कमी होतो. पपायरसला ही युक्ती नाही. त्याचा झुबका वाऱ्याला थेट तोंड देतो आणि दांडा कमरेत मोडतो. त्याला भिंतीच्या आडोशाला ठेवा.

भिंत भेदणारा कोंब

नळ आणि पाणकणसाचे कंद धावते असतात. त्यांच्या टोकाचा कोंब कठीण आणि टोकदार असतो. ग्रो-बॅग आणि तळ्यातलं पातळ प्लास्टिक तो सहज भोसकतो. ही दोन झाडं सिमेंटच्या टाकीत किंवा जाड पिंपातच ठेवावीत, मोकळ्या वाफ्यात कधीही नाही. गोल टबात कंद भिंतीलगत चकरा मारत राहतो आणि दोन वर्षांत मध्यभागी पोकळी होऊन कडेला दाटी होते. मे अखेरीस सगळा गड्डा बाहेर काढून कोयत्याने फोडायचा आणि दोन-तीन डोळे असलेले कडेचे ताजे तुकडे परत लावायचे.

उरलेले तुकडे नाल्यात किंवा गावतळ्यात टाकू नयेत. बोटभर तुकड्यातूनही बेट उभं राहतं. ते आठवडाभर सिमेंटवर उन्हात तापू द्यावेत, पार वाळले की चुलीत जातात. पाणकणसाचं कणीसही फुटण्याआधी तोडायचं. एकेका कणसात लाखाहून जास्त बिया असतात आणि त्या म्हातारीसारख्या उडतात.

डासांची भीती रास्त आहे. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. पण या झाडांना उघडं पाणी लागतच नाही, खडीच्या आतपर्यंत पाणी असलं की भागतं. उघडं पाणी दिसायलाच हवं असेल तर त्यात गप्पी मासे सोडा.

मोरीच्या पाण्यावर

मुळांतून गळणाऱ्या त्या प्राणवायूचा एक उपयोग बागेपलीकडचा आहे. त्याच्या आधाराने मुळांभोवती असे जिवाणू वाढतात, जे सांडपाण्यातली घाण खाऊन टाकतात. जर्मनीत कैटे सायडेल या शास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात यावर प्रयोग सुरू केले आणि आज जगभर खडीच्या वाफ्यात नळ लावून सांडपाणी शुद्ध केलं जातं. कोकणातल्या घरांमागे मोरीचं पाणी केळीला आणि अळूला सोडण्याची रीत जुनीच आहे. गटारव्यवस्था नसलेल्या शेतघरात केळीच्या आधी खडीचा एक वाफा वाढवता येतो: गुडघाभर खोल, सिमेंटच्या भिंतींचा, त्यात नळ किंवा कर्दळ, आणि पाणी खडीच्या वर न येता आतल्या आत वाहणारं. संडासाचं पाणी त्यात घ्यायचं नाही. ते वेगळ्या टाकीचं काम. आणि मोरीत पूर्वी शिकेकाई-राख असे, आता डिटर्जंट असतं. त्यामुळे या वाफ्यातून निघालेलं पाणी केळीला द्या, नारळाला द्या, पण फदफद्याचा अळू दुसरीकडे लावा.